ओतण्याआधीचा आलेख



आजच्या व्याख्यानाचा विषय तुमच्या-आमच्या घराच्या कोपऱ्यात बसलेला असतो. सकाळी त्याचा आवाज आला नाही तर अख्खी सोसायटी जिन्यात जमते. विहिरीवर तो बंद पडला तर उसाची पाण्याची पाळी चुकते. तो म्हणजे पंप, आणि नेमके सांगायचे तर सेंट्रिफ्युगल पंप. शास्त्रीय मराठीत त्याला केंद्रोत्सारी पंप म्हणतात. केंद्रापासून बाहेर सारणारा, असा सरळ अर्थ त्या नावात आहे.

त्याच्या पोटात एक चकती फिरते आणि तिच्यावर मागे वळवलेली पाती असतात. कारखान्यात तिला सगळे इंपेलरच म्हणतात. पाणी मधल्या भोकातून आत येते, पात्यांबरोबर गरगरते आणि कडेने बाहेर फेकले जाते. भोवतीचे केसिंग शंखासारखे हळूहळू रुंदावत जाते. त्यात पाण्याचा वेग मंदावतो आणि दाब वाढतो. हा दाबच पाणी तिसऱ्या मजल्यावर चढवतो.

प्रत्येक पंपाबरोबर एक आलेख येतो. आडव्या रेषेवर दर सेकंदाला किती लिटर पाणी, उभ्या रेषेवर ते किती मीटर चढेल. पहिल्याला डिस्चार्ज म्हणतात, दुसऱ्याला हेड. पाणी वाढत जाते तसे हेड उतरत जाते, म्हणून ही रेघ उजवीकडे कललेली असते. तिच्याबरोबर टेकडीसारखी दुसरी रेघ काढतात, ती कार्यक्षमतेची. टेकडीचा माथा म्हणजे पंपाची सर्वांत सुखाची जागा. तिथे तो खाल्लेल्या विजेच्या मानाने जास्तीत जास्त काम देतो.

पूर्वी हा आलेख मिळायचा एकच मार्ग होता. पॅटर्न करा, वाळूचा साचा बांधा, लोखंड ओता, घासा, जोडा, टेस्ट बेडवर चढवा आणि मोजा. मनासारखे आले नाही तर पुन्हा पॅटर्नपासून सुरुवात. आज हाच आलेख लोखंड वितळण्याआधी संगणकाच्या पडद्यावर उमटतो. या शास्त्राला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीएफडी म्हणतात, मराठीत संगणकीय द्रायुगतिकी. ‘द्रायू’ हा शब्द फार सुंदर आहे. द्रव आणि वायू यांची मोट बांधून आपल्या परिभाषाकारांनी तो घडवला, कारण वाहण्याचे नियम दोघांनाही सारखेच लागू पडतात.

पण ओतण्याआधी काढलेल्या या आलेखावर विश्वास किती ठेवायचा? आजचे सारे विवेचन या एका प्रश्नाभोवती आहे. त्याचे चार भाग करू. भाकीत नेमके कशाचे करायचे, संगणक ते कसे करतो, ते कुठे चुकते, आणि चूक कळावी कशी.

पहिला भाग. भाकीत कशाचे?

१७५४ साली लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने फिरत्या यंत्रातून जाणाऱ्या पाण्याला किती ऊर्जा मिळते याचे समीकरण मांडले. ते इतके आटोपशीर आहे की पाकिटाच्या पाठीवर सोडवता येते. पात्याच्या टोकाचा वेग घ्या, पाण्याचा त्याच दिशेने असलेला वेग घ्या, दोघांचा गुणाकार करा आणि गुरुत्वाच्या आकड्याने भागा. आले हेड. एक उदाहरण घेऊ. १५० मिलिमीटर व्यासाचा इंपेलर मिनिटाला २९०० फेरे फिरतो. त्याच्या कडेचा वेग होतो सेकंदाला सुमारे २२.८ मीटर, म्हणजे ताशी ८२ किलोमीटर. पाणी कडेच्या पूर्ण वेगाने फिरत बाहेर पडले असते तर हेड ५३ मीटरच्या आसपास आले असते. प्रत्यक्षात असा पंप त्याच्या जवळपास निम्मे देतो.

उरलेले निम्मे कुठे गेले? त्याचा मोठा भाग मुळात पाण्याला दिलाच जात नाही. पाती मागे वळलेली असतात, त्यामुळे पाणी कडेपेक्षा कमी वेगाने फिरत सुटते. पात्यांची संख्याही पाच, सहा, सात अशी मोजकीच असते. दोन पात्यांमधले पाणी त्यांच्या धाकात पूर्ण राहत नाही, थोडे मागे सरकते. या सरकण्याला अभियंते स्लिप म्हणतात. जे हेड दिले गेले त्यातलेही काही घर्षणात जाते, काही भोवऱ्यांत विरते. शिवाय बाहेर पडलेल्या पाण्यातले थोडे इंपेलर आणि केसिंगमधल्या फटीतून पुन्हा मागे जाते. ते दुसऱ्यांदा ढकलायला दुसऱ्यांदा वीज लागते.

म्हणजे ऑयलरचे समीकरण चुकीचे नाही. ते वरची मर्यादा सांगते. खरे भाकीत करायचे ते मधल्या गळतीचे, आणि ती गळती आकारावर अवलंबून असते. आकाराचा प्रताप किती मोठा, हे १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात हजारो लोकांनी पाहिले. जॉन अ‍ॅपोल्ड यांनी तिथे वक्र पात्यांचा पंप मांडला होता. त्याची कार्यक्षमता ६८ टक्के भरली. पाती सरळ पण तिरकी ठेवली तेव्हा ४३ टक्के, आणि सरळ आऱ्यांसारखी ठेवली तेव्हा जेमतेम २४ टक्के. फरक होता तो फक्त पात्यांच्या वळणाचा. तेव्हापासून पंप करणारा प्रत्येक माणूस तोच प्रश्न विचारत आला आहे. वळण अजून किती, रुंदी किती, टोक कुठे?

पुढची शंभर वर्षे याचे उत्तर अनुभवाने दिले. जुन्या पंपांचे आकडे वह्यांत जमा झाले. स्टेपानॉफ या पंप-अभियंत्याचे १९४८ सालचे पुस्तक अशा आकड्यांच्या आधारावर उभे आहे आणि आजही डिझाइन विभागाच्या कपाटात सापडते. नवा पंप जुन्यासारखा असेल तर या पद्धतीने भाकीत चांगले जमते. प्रश्न येतो तो नवा पंप जुन्यासारखा नसतो तेव्हा.

दुसरा भाग. संगणक हे करतो तरी कसे?

पाण्याच्या हालचालीची मूळ समीकरणे जुनीच आहेत. नावियेने ती १८२२ साली मांडली आणि स्टोक्सने १८४५ साली घट्ट केली. न्यूटनचा नियम वाहत्या पदार्थाला लावला की ही समीकरणे मिळतात. अडचण अशी की पंपासारख्या वाकड्यातिकड्या आकारात ती कागदावर सुटत नाहीत. मग युक्ती करायची. पंपाच्या पोटातल्या सगळ्या पोकळीचे बारीक तुकडे पाडायचे. दहा-वीस नव्हे, लाखो, कधी कोट्यवधी. प्रत्येक तुकड्यासाठी जमाखर्च मांडायचा. इतके पाणी आले, इतके गेले. इतका संवेग आला, इतका गेला. एका तुकड्याचा खर्च तो शेजाऱ्याची जमा. बँकेच्या खतावणीसारखे हे काम आहे, फक्त खाती एक कोटी आहेत आणि सगळी एकाच वेळी जुळली पाहिजेत.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करत होते. त्या धामधुमीत त्यांनी हाताने आकडेमोड करून हवामानाचे भाकीत काढले. दिवस निवडला होता २० मे १९१०, म्हणजे होऊन गेलेला, ताळा करता यावा म्हणून. उत्तर आले की सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसन यांनी हे अपयश लपवले नाही. १९२२ साली आपल्या ग्रंथात त्यांनी ते आकड्यांसकट छापले. पुढच्या पिढ्यांना कळले की समीकरणे बरोबर होती, सुरुवातीला भरलेल्या आकड्यांत समतोल नव्हता. चुकलेले भाकीत पूर्ण छापलेले होते, म्हणूनच चूक शोधता आली. ही गोष्ट ध्यानात असू द्या, कारण व्याख्यानाच्या शेवटी आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

या इतिहासात एक नाव पुण्याचे आहे आणि या सभागृहात ते अभिमानाने घेतले पाहिजे. सुहास पाटणकर. जन्म पुण्याचा, १९६२ साली पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी, नंतर मुंबईची आयआयटी आणि पुढे लंडनचे इंपीरियल कॉलेज. तिथे ब्रायन स्पाल्डिंग या गुरूबरोबर त्यांनी १९७२ साली एक गणनपद्धती प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘सिंपल’.

त्यांनी सोडवलेला पेच समजून घेण्यासारखा आहे. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे वेगासाठी समीकरण आहे, पण दाबासाठी स्वतंत्र समीकरणच नाही. दाब माहीत असेल तर वेग काढता येतो आणि वेग माहीत असेल तर दाबाचा अंदाज येतो. सुरुवात कुठून करायची? पाटणकर आणि स्पाल्डिंग यांचे उत्तर असे. आधी दाब चक्क अंदाजाने धरा. त्यावरून वेग काढा. आता प्रत्येक तुकड्यात पाण्याचा हिशेब लागतो का बघा. लागणार नाही. जिथे पाणी साचल्यासारखे दिसते तिथे दाब थोडा वाढवा, जिथे कमी पडते तिथे थोडा उतरवा, आणि पुन्हा वेग काढा. असे शेकडो, हजारो वेळा करत गेले की हिशेब जुळत येतो. पाटणकरांचे १९८० सालचे पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तक म्हणून वाचले. पाण्याचे वहन संगणकावर सोडवणाऱ्या आजच्या कितीतरी प्रणालींच्या गाभ्यात ही पद्धत किंवा तिची वंशावळ आहे.

तरीही एक मोठी अडचण उरते, ती म्हणजे खळबळ, शास्त्रीय भाषेत प्रक्षोभ. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवले की वेग वाढला की सरळ धार अचानक विस्कटते. पंपातले पाणी सतत या विस्कटलेल्या अवस्थेत असते. त्यातले लहानात लहान भोवरे इतके बारीक की प्रत्येकाचा हिशेब ठेवायचा म्हटले तर कारखान्याच्या संगणकाला ते झेपणार नाही. म्हणून सरासरी प्रवाह सोडवतात आणि भोवऱ्यांचा परिणाम वेगळ्या सूत्रांनी जोडतात. या सूत्रांना प्रक्षोभाचे प्रतिमान म्हणतात. अशी प्रतिमाने अनेक आहेत. एक भिंतीजवळ चांगले चालते, दुसरे भिंतीपासून दूर. फ्लोरियन मेंटर यांनी १९९४ साली दोघांची सांगड घातली आणि पंपवाल्यांमध्ये ती फार रुळली. पण प्रतिमान हे अखेर प्रतिमान आहे. निसर्गाने ते सही करून दिलेले नाही.

आता तिसरा भाग, म्हणजे भाकीत कुठे चुकते. इथे जरा थांबू या, कारण विषयाचे मर्म इथेच आहे.

चांगल्या अभियंत्याने केलेले भाकीत कार्यक्षमतेच्या माथ्याजवळ बहुतेक वेळा मोजमापाच्या काही टक्क्यांत बसते. माथ्यापासून दूर गेले की चित्र बिघडते. व्हॉल्व्ह अर्धा बंद करा. पाणी कमी झाले की ते पात्यांच्या तोंडावर चुकीच्या कोनातून आदळते. काही पाणी आत शिरून पुन्हा सक्शनकडे, म्हणजे आत येण्याच्या वाटेकडे, मागे फिरते. हे मागे फिरणे क्षणोक्षणी बदलते. अशा वेळी स्थिर प्रवाह गृहीत धरून केलेली गणना पडद्यावर फार देखणी रंगीत चित्रे दाखवते, पण आकडा चुकवते.

बऱ्याचदा चूक पाण्याच्या गणितात नसतेच, ती पंपाच्या वर्णनात असते. इंपेलरच्या गळ्याशी एक वेअर रिंग असते. तिच्याभोवतीची फट पाव ते अर्ध्या मिलिमीटरची. ती इतकी बारीक की संगणकावर पंपाचे चित्र उभारताना वगळण्याचा मोह होतो. वगळली की तिच्यातून मागे जाणारे पाणीही हिशेबातून गेले आणि कार्यक्षमता फुगली. तसेच इंपेलरच्या पाठीचे. चकतीच्या बाहेरच्या बाजूला पाणी असते आणि ते चकतीला ब्रेकसारखे धरते. ही ओढ फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने आणि व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. कमी पाणी आणि जास्त उंची अशा पंपांत इंपेलर मोठा आणि अरुंद असतो. तिथे नुसत्या पाठीच्या घर्षणात मोटरच्या शक्तीचा लक्षणीय वाटा जातो. आतल्या सुंदर पात्यांकडे बघत बसलेल्या माणसाला पाठीमागची ही गळती दिसत नाही.

मग येते फौंड्री. संगणकाला माहीत असतो तो ड्रॉइंगमधला पंप. शेतावर जातो तो वाळूतून निघालेला पंप. ओतताना आतली पोकळी राखणारा वाळूचा कोअर किंचित सरकला तर एका बाजूची वाट रुंद होते, दुसरी अरुंद. पात्याची कड ड्रॉइंगमध्ये धारदार असते आणि कास्टिंगमध्ये बोथट निघते. बंद इंपेलरच्या आतल्या पृष्ठभागाला हत्यार पोहोचत नाही, म्हणून वाळूचा खरखरीतपणा तसाच राहतो. कोल्हापूरच्या फौंड्रीत काम केलेला जुना मोल्डर कास्टिंगवरून बोट फिरवून सांगेल की हे पाणी अडवणार. त्याच्या बोटाला कळलेले संगणकाला आपण सांगतो का? नाही सांगितले तर संगणक भिंत काचेसारखी गुळगुळीत धरतो. दोष संगणकाचा नव्हे, त्याला अपुरे सांगणाऱ्याचा.

गणना करणाऱ्याच्या स्वतःच्या निवडीही असतात. तुकडे किती बारीक पाडले? दुप्पट बारीक केले तर उत्तर बदलते का, हे तपासले का? फिरता इंपेलर आणि स्थिर केसिंग यांची गाठ कशी घातली? सोपा मार्ग असा की इंपेलर एका जागी गोठवायचा आणि त्याच स्थितीत प्रवाह काढायचा. पण केसिंगच्या जिभेसमोर, म्हणजे त्याच्या आत आलेल्या टोकासमोर, पाते आहे की दोन पात्यांमधली मोकळी जागा आहे, यावर उत्तर थोडे बदलते. खरे फिरवून बघायचे तर गणना कित्येक पट वाढते. काम उद्या द्यायचे असेल तर कोणता मार्ग निवडला जातो, हे वेगळे सांगायला नको.

आणि एक शत्रू आहे जो हेडच्या आलेखात उशिरा दिसतो, तो म्हणजे कॅव्हिटेशन. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटरचा स्तंभ तोलतो. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण खरे तर हवाच ते खालून ढकलते. सक्शनची उंची फार झाली, पाणी गरम असले किंवा जागा उंचावर असली की इंपेलरच्या तोंडाशी दाब इतका पडतो की पाणी तिथल्या तिथे उकळते. बुडबुडे होतात, पुढे दाब वाढला की फुटतात आणि लोखंडाला खड्डे पाडतात. पंपातून गोटे फिरल्यासारखा आवाज येतो. लॉर्ड रेले यांनी १९१७ साली एका बुडबुड्याच्या कोसळण्याचे गणित मांडले आणि आजच्या प्रतिमानांची मुळे तिथवर जातात. उद्योगाची रूढ कसोटी अशी आहे की हेड ३ टक्क्यांनी पडले की कॅव्हिटेशन झाले म्हणायचे. पण हेड पडण्याच्या आधीच बुडबुडे सुरू झालेले असतात. म्हणजे आलेख शाबूत दिसतो आणि लोखंड आतून खाल्ले जात असते.

इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग कशाला हवा हा संगणक? टेस्ट बेड आहेच की.

श्रोतेहो, टेस्ट बेड फक्त सांगतो की कार्यक्षमता ६० टक्के आली. उरलेले ४० टक्के कुठे गेले हे तो सांगत नाही. संगणक ते दाखवतो. जिभेजवळ भोवरा आहे, तिसऱ्या पात्यामागे प्रवाह सुटला आहे, सक्शनच्या बाकापाशी पाणी पिळवटते आहे, हे सारे दिसते. एका आठवड्यात वीस आकार तपासता येतात आणि त्यातला एकच ओतावा लागतो. एक आकडा अचूक सांगण्याची त्याची ताकद मर्यादित असेल, पण हा आकार त्या आकारापेक्षा बरा की वाईट, हे सांगण्यात तो अधिक भरवशाचा आहे. दोन्ही आकारांत तीच चूक सारखी झालेली असते आणि तुलनेत ती बरीचशी वजा होते.

चौथा आणि शेवटचा भाग. चूक कळावी कशी?

यासाठी एक उदाहरण अमेरिकेतले आहे. पंप सेंट्रिफ्युगलच, पण पाण्याचा नव्हे, रक्ताचा. हृदय दुबळे झाले की रक्त पुढे ढकलायला असे छोटे पंप वापरतात. त्यात आणखी एक कसोटी असते. पंपाने रक्तपेशी फोडता कामा नयेत. असे उपकरण मंजूर करताना कंपनीने संगणकावरची गणना पुढे केली तर तिच्यावर विश्वास ठेवायचा का, हा प्रश्न तिथल्या अन्न व औषध प्रशासनासमोर होता. त्यांनी काय केले?  त्यांनी दोन अगदी साध्या आकाराच्या वस्तू घडवल्या. एक नळी, जिचा गळा ४ मिलिमीटरचा. दुसरा एक पंप, ५२ मिलिमीटर व्यासाचा आणि चार पात्यांचा. या दोन्ही वस्तू प्रयोगशाळांत काळजीपूर्वक मोजल्या. मग आकार जगापुढे ठेवला आणि मोजमापे झाकून ठेवली. ज्याला गणना करायची त्याने करावी, आणि उत्तर आधी पाठवावे.

नळीसाठी २८ उत्तरे आली. नळी म्हणजे किती सोपी गोष्ट! तरीही जिथे ती एकदम रुंदावते त्यापुढच्या भागात उत्तरे पांगली. पंपासाठी २४ उत्तरे आली. त्यांचा एकत्र ताळेबंद २०२३ साली प्रसिद्ध झाला. एखाद्या ठरावीक फेऱ्यांना आणि ठरावीक प्रवाहाला हेड बरोबर सांगणारे बरेच निघाले. सगळ्या स्थितींत एकाच वेळी हेड बरोबर सांगणे पुष्कळच कठीण गेले. रक्तपेशी किती फुटतील याचे भाकीत तर त्याहून अवघड ठरले.

या निकालाने सीएफडीची अब्रू गेली का? मुळीच नाही. उलट तिला अब्रू मिळाली. मोजमाप माहीत असताना गणना जुळवणे फार सोपे असते. प्रतिमान बदला, तुकडे बदला, खरखरीतपणा थोडा वाढवा, आणि रेघा एकमेकींवर येऊन बसतात. अशा जुळलेल्या आलेखातून काही शिकायला मिळत नाही. उत्तर मोजमाप बघण्याआधी लिहून ठेवलेले असेल, तरच अंतर खरे असते. रिचर्डसन यांनी १९२२ साली चुकलेले भाकीत जसे एकट्याने उघड केले, तसे इथे अनेकांनी मिळून केले. शिवाय आकार आणि मोजमापे आता खुली आहेत. उद्या कोणी नवी पद्धत काढली तर तिला याच कसोटीवर उभे राहता येईल.

मोजमापालाही स्वतःची मर्यादा असते आणि पंप स्वीकारतानाही काही सूट दिलेली असते, हे न्यायाने सांगायला हवे. पंपाच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ ९९०६. त्यातल्या एका नेहमीच्या श्रेणीत, जिला २बी म्हणतात, प्रवाहाला अधिक-उणे ८ टक्के, हेडला अधिक-उणे ५ टक्के आणि कार्यक्षमतेला ५ टक्क्यांपर्यंत तूट चालते. काटेकोर १बी श्रेणीत हेच आकडे ५, ३ आणि ३ होतात. म्हणून ‘आमचे भाकीत २ टक्क्यांत बसले’ असे कोणी म्हणाले की विचारावे, ते कोणत्या मापाशी ताडून पाहिले आणि ते माप स्वतः किती टक्क्यांत होते?

टक्क्यांची एवढी चिकित्सा कशासाठी? दोन आकडे पुरेत. तेलंगणात गोदावरीचे पाणी उचलणाऱ्या काळेश्वरम योजनेच्या लक्ष्मीपूर येथील भूमिगत पंपगृहात सात पंप आहेत, प्रत्येकी १३९ मेगावॅटचे. अशा एका पंपाची कार्यक्षमता एका टक्क्याने चुकली तर सुमारे १४०० किलोवॅटचा फरक पडतो, आणि तो पंप चालेल त्या प्रत्येक तासाला. आपल्याकडे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवून सांगलीच्या दुष्काळी भागाकडे नेतात. तिथेही पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीला विजेचे बिल जोडलेले आहे.

दुसरा आकडा विहिरीवरचा. सेकंदाला १० लिटर पाणी २० मीटर चढवायचे तर पाण्याला लागतात १.९६ किलोवॅट. पंप ६० टक्के कार्यक्षम असेल तर शाफ्टवर ३.२७ किलोवॅट द्यावे लागतात. ६६ टक्के असेल तर २.९७. फरक ०.३ किलोवॅटचा. वर्षाला हजार तास पंप चालला तर तीनशे युनिट, आणि असे एक लाख पंप असतील तर तीन कोटी युनिट. महाराष्ट्रात कृषिपंप लाखोंनी आहेत. मोठ्या पंपासाठी लहान प्रतिकृती करून प्रयोगशाळेत तपासणी होते, सल्लागार असतात, करार असतात. पाच एचपीच्या पंपासाठी यातले काहीच नसते. ज्याला भाकिताची सर्वांत जास्त गरज, त्याच्यापर्यंत ते सर्वांत उशिरा पोहोचते.

आता आवरते घेऊ. भाकीत करायचे ते ऊर्जेच्या गळतीचे, आणि गळती आकारात दडलेली असते. संगणक पोकळीचे लाखो तुकडे करून जमाखर्च जुळवतो आणि त्या जुळवणीत पुण्याच्या एका अभियंत्याचा मोठा वाटा आहे. भाकीत माथ्याजवळ चांगले बसते, माथ्यापासून दूर चुकते, आणि अनेकदा चूक पाण्यात नसून आपण वगळलेल्या फटीत, पाठीत, खरखरीत वाळूत असते. ती कळते फक्त आधी लिहून ठेवलेल्या आकड्याने.

हे करायला आज पैशाचीही मोठी अडचण नाही. ओपनफोम ही प्रवाहगणनेची प्रणाली २००४ पासून खुली आणि विनामूल्य आहे. आपल्या मुंबई आयआयटीचा फॉसी हा प्रकल्प ती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवतो. पंपाचा टेस्ट बेडही दूर नाही. यंत्र अभियांत्रिकी शिकवणाऱ्या महाविद्यालयाच्या हायड्रॉलिक्स प्रयोगशाळेत एक जुना सेंट्रिफ्युगल पंप, दोन प्रेशर गेज आणि एक मोजणीची टाकी असते. दरवर्षी मुले तिथे व्हॉल्व्ह फिरवून सात-आठ वाचने घेतात, आलेख काढतात आणि जर्नल तपासायला देतात. गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये तोच आलेख असतो.

त्या प्रयोगात एकच पान वाढवता येईल. पंप उघडून मुलांनी इंपेलर हातात घ्यावा. पात्यांचा कोन, रुंदी, वेअर रिंगची फट मोजावी, वाळूच्या खुणांवरून बोट फिरवावे. त्यावरून संगणकावर पंप उभा करावा, पूर्ण उघड्या व्हॉल्व्हपासून जवळजवळ बंद व्हॉल्व्हपर्यंत गणना करावी आणि आलेले हेड जर्नलच्या डाव्या पानावर शाईने लिहावे. तारीख घालून सरांची सही घ्यावी. उजवे पान कोरे ठेवावे. मग पंपात पाणी भरावे, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून स्विच दाबावा, आणि गेजचा काटा स्थिर झाला की पहिले वाचन घ्यावे.